हरवलेले मूल आणि आपली जबाबदारी

सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारली जातात, हे पंचवटीकरांना नवीन नाही. पुकारा ऐकून आई-बाप धावत येतात. परंतु ज्या मुलाचे नाव कोणीच पुकारीत नाही, त्याचे काय?

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. इगतपुरी तालुक्यातील उभाडे येथील कातकरी वस्तीतून काही हजार रुपये व एखादी मेंढी देऊन मुले मेंढ्या राखण्यासाठी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात नेली जात होती. २०२२ साली त्यांतील एका बालिकेच्या मृत्यूनंतर हा प्रकार उघडकीस आला. उचल घेतलेला बाप तक्रार कोठे देणार? आम्ही बँकेत काम करतो. तेथे दहा रुपयांचीही पावती द्यावी लागते. येथे मात्र जिवंत मूल घरातून गेले आणि कोठेही नोंद झाली नाही.

कायदा नाही असे नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने घडविलेल्या संविधानाचा अनुच्छेद २३ माणसांचा व्यापार व वेठबिगारी यांना मनाई करतो. अनुच्छेद २४ नुसार चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात, खाणीत वा धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली आणि तिच्यापोटीचे कर्जही रद्द ठरले. मूल हरवल्याची तक्रार येताच पोलिसांनी गुन्हा नोंदवून तपास करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिला. तेव्हा "चोवीस तास वाट पाहा" हे ऐकून घेण्याचे कारण नाही.

१९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आज शासनामार्फत चालते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार, निराधार मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत १०९८, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हा गुन्हा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गातील एखादा बाक अचानक रिकामा झाला, तर तो कोठे गेला हे विचारा. सभासदांनी आपल्या गल्लीतील हॉटेलात कपबशा धुणाऱ्या मुलाला नाव, गाव व वय विचारावे. "कामाला गेला" या उत्तरावर समाधान मानू नये. ज्याचे नाव कोणी पुकारीत नाही, त्याचे नाव आपणच पुकारले पाहिजे.