चिलखत घातलेला शेजारी : खवले मांजर



आधी एक कोडे घालते. नाव मांजराचे, पण म्याव म्हणत नाही. अंगावर खवले आहेत, पण मासा नव्हे. बिळात राहते, पण साप नव्हे. तोंडात एकही दात नाही, तरी रोज पोटभर जेवते. कुणी अंगावर आले तर चावत नाही, ओरबाडत नाही, लाडवासारखे गोल होऊन बसते. ओळखा पाहू कोण?

बरोबर! खवले मांजर. कोणी खवल्या मांजर असेही म्हणतात. पुस्तकात त्याला पँगोलिन म्हटलेले असते. हा मलय भाषेतून आलेला शब्द आहे आणि त्याचा अर्थ गुंडाळी करून घेणारा असा होतो. म्हणजे तिकडच्या लोकांनीही त्याचे हेच वागणे पाहून नाव ठेवले.

मी आमच्या वर्गात विचारले, तेव्हा नाव सगळ्यांना ठाऊक होते. पण प्रत्यक्ष पाहिलेले फक्त तिघे निघाले. आपल्याच रानात राहणारा प्राणी, आणि आपल्याला त्याची माहिती नाही! म्हणून गुरुजींनी हा विषय मला दिला. शाळेतली पुस्तके वाचून, गुरुजींना आणि आजोबांना विचारून मी हा पाठ लिहिला आहे.

मांजर नाही, मग कोण?

खवले पाहून पुष्कळांना वाटते की हा घोरपडीच्या किंवा मगरीच्या जातीचा प्राणी असेल. तसे नाही. घोरपड अंडी घालते. खवले मांजर पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. म्हणून ते आपल्यासारखेच सस्तन प्राणी आहे. अंगावर असे खवले असणारा दुसरा सस्तन प्राणी साऱ्या जगात नाही.

जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत. चार आशिया खंडात आणि चार आफ्रिका खंडात. त्यांपैकी दोन जाती भारतात आढळतात. ईशान्येकडच्या राज्यांत चिनी खवले मांजर आहे, आणि आपल्या महाराष्ट्रात जे आहे ते भारतीय खवले मांजर.

एक गंमत सांगते. खवले मांजराचे जवळचे नातेवाईक कोण, हे शास्त्रज्ञांनी तपासले. मुंग्या खाणारी अस्वले दक्षिण अमेरिकेत असतात, ती त्याची भावंडे असतील असे पूर्वी वाटत होते. पण निघाले भलतेच! वाघ, कुत्रा, मांजर हा जो मांसाहारी प्राण्यांचा गट आहे, तो त्याचा जवळचा निघाला. तेव्हा ते मांजर नाही हे खरे, पण मांजराशी त्याचे लांबचे नाते आहे.

अंगावरचे चिलखत

पूर्ण वाढलेल्या खवले मांजराचे डोके आणि धड मिळून सुमारे दीड ते अडीच फूट भरते. शेपटी फूट-दीड फूट लांब आणि चांगली जाड असते. वजन साधारण ८ ते १६ किलो. पाठ, डोक्याचा वरचा भाग, पायांची बाहेरची बाजू आणि शेपटी यांवर खवले असतात. पोट, तोंड आणि पायांची आतली बाजू मात्र मऊ असते.

खवल्यांची संख्या सुमारे १६० ते २००. आपल्या घरावर कौले कशी एकावर एक चढवलेली असतात, तसेच ते असतात. त्यांच्या कडा धारदार असतात.

हे खवले कशाचे बनलेले असतात? आपण आपल्या बोटांकडे पाहावे. आपली नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याचे! त्याला केराटिन म्हणतात. केस, नखे, गाईची शिंगे, घोड्याचे खूर या सगळ्यांत हेच द्रव्य असते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

संकट आले की खवले मांजर डोके पोटाशी घेते, वरून शेपटी घट्ट लपेटते आणि चेंडू होऊन बसते. मऊ भाग सगळा आत आणि खवले बाहेर. वाघ-बिबट्यांसारख्या बलवान जनावरांनाही तो चेंडू उलगडणे फार कठीण जाते.

दात नाहीत, मग खाते कसे?

त्याचे अन्न म्हणजे मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी. ते रात्री बाहेर पडते. डोळे अधू असतात, पण नाक भारी तिखट. वास घेत घेत ते वारूळ शोधते. पुढच्या पायांना लांब, वाकडी, बळकट नखे असतात. त्यांनी वारुळाची टणक माती ते खणून काढते. चालताना ही नखे झिजू नयेत म्हणून पुढचे पंजे आत दुमडून चालते. आपल्या कुदळीची धार आपण जपतो, त्यातलाच प्रकार.

वारूळ फोडले की ते आत जीभ घालते. ही जीभ एखाद्या दोरीसारखी बारीक, चिकट आणि वीतभर लांब असते. आपल्या जिभेचे मूळ घशाजवळ असते. त्याच्या जिभेचे मूळ छातीच्या आत, शेवटच्या फासळ्यांपर्यंत गेलेले असते! जीभ बाहेर येते ती मुंग्या चिकटवूनच. मुंग्या चावायला लागल्या तर? ते नाक आणि कान मिटून घेते, आणि पापण्याही जाड असतात.

दात नाहीत, मग चावायचे काम कोण करते? पोट करते. मुंग्यांबरोबर बारीक खडेही त्याच्या पोटात जातात आणि तिथे अन्न दळले जाते. कोंबडी खडे टिपते ना, तसेच हे.

आता पालकांसाठी सांगते. वाळवी काय करते हे आपण जाणताच. घराचे वासे पोखरते, आंब्याच्या कलमांवर मातीचे पापुद्रे चढवते. तिच्यावर आपण औषध मारतो, त्याला पैसे पडतात. खवले मांजर हेच काम रात्रभर करते आणि मजुरी मागत नाही. शिवाय एका वारुळाचा अगदी निकाल लावत नाही. थोडे खाते आणि पुढच्या वारुळाकडे जाते. त्यामुळे पालापाचोळा कुजवायला रानात जेवढी वाळवी लागते, तेवढी शिल्लक राहते. त्याने सोडून दिलेल्या बिळात दुसरे प्राणी राहायला येतात. उकरल्यामुळे जमीनही भुसभुशीत होते.

आम्ही पाहिलेल्या खुणा

गुरुजींनी आमच्या वर्गाला देवराईच्या कडेने नेले होते. तिथे एका वारुळाला खालच्या अंगाने खड्डा पडलेला होता. ताजी माती बाहेर आली होती आणि मातीवर नखांचे लांब ओरखडे होते. पुढे गडग्याखाली एक मोठे बीळ दिसले. गुरुजी म्हणाले, "आत हात घालायचा नाही, काठी घालायची नाही, धूर तर मुळीच करायचा नाही. कुणाच्या घराच्या दारात आपण असे करतो का?" आम्ही लांबूनच चित्र काढले. खाली चिकटवलेले चित्र तेच आहे. बिळाची जागा मात्र चित्रात मुद्दाम दाखवलेली नाही. का ते पुढे कळेल.

आमच्या आजोबांनी तरुणपणी खवले मांजराची मादी पिल्लासकट पाहिली आहे. ते सांगतात, "बाय, काळोखात काय तरी खरवडल्यागत वाजत होतं. बत्ती धरली, तर ही पुढं नि पोर शेपटीवर बसलेलं! आम्ही गडग्याला टेकून गप हुभे. ती आपली खुशाल वारूळ उकरत होती. कुणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय."

आजोबांनी पाहिले ते अगदी खरे आहे. पिल्लू लहान असताना आईच्या शेपटीच्या बुडाशी चिकटून फिरते. जन्मल्यावर त्याचे खवले मऊ असतात, मग हळूहळू टणक होतात. धोका वाटला की आई त्याला पोटाशी घेते आणि त्याच्याभोवती स्वतःची गुंडाळी करते.

मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. उंदराला एका विणीत कितीतरी पिल्ले होतात, कुत्रीला पाच-सहा होतात. इथे एकच. म्हणून एक खवले मांजर गेले तर ती जागा भरून यायला फार दिवस लागतात.

वाघापुढे टिकते, माणसापुढे हरते

ज्या युक्तीने ते वाघापासून वाचते, तीच युक्ती माणसापुढे त्याचा घात करते. माणूस दिसला की ते पळत नाही, जागच्या जागी गोल होते. वाघाला तो चेंडू उघडता येत नाही. पण माणसाला उघडायचाच नसतो! तो सरळ उचलतो आणि पोत्यात घालतो.

चीन, व्हिएतनाम अशा देशांत या खवल्यांचे औषध होते असा पुष्कळ लोकांचा समज आहे. म्हणून खवल्यांची चोरटी विक्री चालते. आता मघाची गोष्ट आठवा. खवले कशाचे असतात? नखांच्या द्रव्याचे. नख खाऊन दुखणे बरे झाल्याचे कुणी पाहिले आहे का? २०२० साली खुद्द चीननेही औषधांच्या अधिकृत यादीतून खवल्यांचे नाव काढून टाकले. त्याआधी २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग येथे अनेक देशांचे प्रतिनिधी जमले होते. तिथे आठही जातींचा देशोदेशीचा व्यापार बंद करावा असे ठरले. तरी चोरटा व्यापार पुरता थांबलेला नाही.

लाखांची बाता

आमच्या पडवीत एकदा बोलणे चालले होते. एक काका म्हणाले, "खवले मांजर गावलं तर लाखो रुपये मिळतात म्हणे." तेव्हा आजी सुपात तांदूळ पाखडत होती. ती म्हणाली, "मग ज्याला मिळाले तो माणूस आण माझ्यासमोर. मी त्याला चहा देते." सगळे हसले. पण तसा माणूस काही कुणाला दाखवता आला नाही.

पालकांनो, हे हसण्यावारी नेऊ नये अशी माझी विनंती आहे. असली बातमी पसरवणारा नामानिराळा राहतो, आणि पोत्यासकट सापडतो तो गावातला गरीब माणूस. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे जिथे वाघाचे नाव आहे त्याच यादीत, खवले मांजराचे नाव आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ ते ७ वर्षे तुरुंगवास आणि कमीत कमी २५ हजार रुपये दंड. ऐकीव लाखांसाठी घरातला कर्ता माणूस तुरुंगात गेला, तर शेत कोण लावील आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचे काय होईल?

एका गावाने काय केले

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात दुगवे नावाचे गाव आहे. फेब्रुवारी महिन्याचा तिसरा शनिवार हा जागतिक खवले मांजर दिन असतो. २०२० साली त्या दिवशी दुगवे गावाने 'खवलोत्सव' साजरा केला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची त्यांना साथ होती. गावकऱ्यांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली आणि वाजतगाजत मिरवली. कोकणात पालखीचा मान केवढा, हे मी सांगायला नको. ज्याला आपण पालखीत बसवले, त्याला पोत्यात कोण घालील?

आपण काय करावे

१. खवले मांजर दिसले तर लांब उभे राहावे. गर्दी, आरडाओरडा करू नये. कुत्रे बरोबर असेल तर त्याला आवरावे.

२. उचलू नये, घरी आणू नये. माणसाने कोंडले तर ते धास्तीने आणि अन्नावाचून मरते. त्याला रोज मुंग्या कुठून आणणार?

३. रस्ता ओलांडत असेल तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्यावे.

४. विहिरीत पडले असेल, जखमी असेल किंवा कुणी पकडले असेल, तर वनरक्षकांना कळवावे. वन खात्याचा फोन १९२६ हा आहे.

५. फोटो काढलाच तर जागेच्या नावासकट मोबाईलवर पाठवू नये. तो कुणाकुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही. आमच्या चित्रात बिळाची जागा नाही, ती याचसाठी.

६. रानात फासकी लावू नये आणि वणवा लावू नये. वणव्यात बाकीची जनावरे पळतात. खवले मांजर मात्र गोल होऊन तिथेच बसण्याचा धोका असतो.

सांगा पाहू!

१. खवले मांजर सस्तन प्राणी आहे हे कशावरून?

२. खवले आणि आपली नखे यांत सारखे काय?

३. जी युक्ती वाघापुढे चालते ती माणसापुढे का चालत नाही?

४. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा : तुम्ही खवले मांजर पाहिले आहे का? कुठल्या साली? आता दिसते का? उत्तरे वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात आपण सर्वांची उत्तरे एकत्र लावू, म्हणजे आपल्या गावात हा शेजारी पूर्वी किती होता आणि आता किती उरला, हे आपल्या सर्वांना कळेल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी