डॉक्टर होता होता राहिलेली शास्त्रज्ञ



मागच्या महिन्यात अकरावीची एक मुलगी विचारत होती, "सर, मेडिकलला नंबर लागला नाही, तर बायोलॉजी घेऊन उपयोग काय?" तिला तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. आज सविस्तर देतो.

अमेरिकेतील जोन स्टाइट्झ यांचा जन्म 1941 चा. त्यांना डॉक्टर व्हायचे होते, हार्वर्डच्या मेडिकल कॉलेजात प्रवेशही मिळाला होता. पण 1963 च्या उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेत काम करताना त्या संशोधनात इतक्या रमल्या, की मेडिकल सोडून पीएच. डी. कडे वळल्या. ज्या प्राध्यापकांकडे त्या आधी गेल्या, त्यांनी साफ नकार दिला. मुलगी आहेस, लग्न होईल, मुले होतील, मग या पदवीचे काय करणार, असा त्यांचा सवाल. (हा सवाल आपल्याकडेही ऐकू येतो, म्हणून मुद्दाम सांगितला.) मग जेम्स वॉटसन यांनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेतले. 1970 पासून त्या येल विद्यापीठात आल्या.

आता विषय समजून घेऊ. डीएनएमधल्या जनुकाची आरएनए ही नक्कल असते आणि तिच्यावरून प्रथिन बनते, हे तुम्ही शिकला आहात. आमच्या हिंदी माध्यमाच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपत असे. पण 1977 मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगांतून कळले, की जनुकात मधे मधे असे तुकडे असतात, ज्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही. हे इंट्रॉन. आपल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात असे दोन आहेत, एक 130 अक्षरांचा, दुसरा 850 अक्षरांचा. ते कापून उरलेले भाग जोडणे म्हणजे स्प्लायसिंग. या शोधाला 1993 चे नोबेल मिळाले.

कापणी अक्षराबरहुकूम व्हावी लागते, कारण पेशी तीन-तीन अक्षरे मिळून वाचते. हे वाक्य पाहा: कमल सकाळी शाळेला निघाली. आता "कमल" नंतर एक "प" चुकून राहिला, तर तीन-तीन अक्षरांनी वाचन असे होईल: कमल पसका ळीशाळे लानिघा ली. एका अक्षराने सगळा अर्थ गेला.

मग इतकी नेमकी कात्री चालवतो कोण? उत्तराचा धागा सापडला रुग्णांच्या रक्तात. ल्युपस या आजारात शरीराची प्रतिपिंडे आपल्याच पेशींवर उलटतात. स्टाइट्झ यांचे विद्यार्थी मायकल लर्नर यांनी अशा रुग्णांचे सीरम प्रयोगात वापरले. ती प्रतिपिंडे पेशीच्या केंद्रकातले काही बारीक कण पकडत होती. छोटे आरएनए आणि प्रथिने मिळून बनलेल्या या कणांचे नाव स्नर्प. त्यातल्या यू-1 या आरएनएच्या टोकाची अक्षरे इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी जोडी जमवू शकतात, हे लक्षात आले. 1980 मध्ये त्यांनी मांडले, की स्प्लायसिंगमध्ये स्नर्पचा हात असावा. रॉजर्स आणि वॉल यांनीही त्याच वर्षी तसाच विचार मांडला. पुढील वर्षांत तो खरा ठरला. रोग्याचे रक्त ज्या दोषामुळे त्याच्या जिवावर उठते, तोच दोष इथे हत्यार म्हणून कामी आला, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

याचा परिणाम प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण स्प्लायसिंगचाच दोष आहे: वर सांगितलेल्या 130 अक्षरांच्या इंट्रॉनमध्ये पाचव्या जागी जी ऐवजी सी. तिथे यू-1 ची पकड ढिली पडते, कापणी चुकते, आणि ज्या मुलाला हा दोष आई आणि वडील दोघांकडून येतो, त्याला वारंवार रक्त चढवावे लागते.

दुसरा आजार स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी. यात लहान मुलांचे स्नायू दुबळे होत जातात. एड्रियन क्राइनर आणि सहकाऱ्यांनी स्प्लायसिंग सुधारणारे औषध तयार केले, त्याला अमेरिकेत 2016 मध्ये मंजुरी मिळाली. औषध अतिशय महाग आहे, हेही खरे. स्टाइट्झ यांना 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

त्या मुलीसाठी आणखी एक गोष्ट. या आजारात एसएमएन नावाचे प्रथिन कमी पडते. पेशीत त्याचे एक मुख्य काम म्हणजे स्नर्पची जुळणी करणे.