दार उघडं ठेवणारा बाप

आजचे वाचन: लूक १५:११-२४, स्तोत्र ३२:८-९



उधळ्या पुत्राचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय. आज त्यातल्या बापाकडे बघू या.

धाकटा मुलगा वाटणी मागतो. बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या शेतकरी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बापाकडे अधिकार होता, घरात चाकर होते. तो मुलाला अडवू शकला असता. तरी त्याने वाटणी दिली आणि जाऊ दिलं. मात्र मुलगा परत येताना अजून दूर होता, तेव्हाच बापाने त्याला पाहिलं. म्हणजे त्याची नजर रस्त्यावरच होती.

देवाने दिलेली स्वतंत्र इच्छा अशी आहे. देव आपल्याला प्रोग्रामसारखं बनवू शकला असता: इनपुट दिलं की ठरलेलं आउटपुट. मग आज्ञा पाळल्या गेल्या असत्या, पण त्यात प्रेम नसतं.

घरात हे कसं जगायचं?

बारामतीहून दौंडमार्गे पुण्याला रेल्वेने जाताना केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. केडगावच्या आधी रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथल्या हिंदू मुलींना आपापले धर्माचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः मुलगी मनोरमाबरोबर बायबल वाचून प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या.

त्यावरून पुण्यात वाद पेटला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातल्या प्रतिष्ठित लोकांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. एवढी किंमत मोजूनही रमाबाईंनी दार लावलं नाही आणि कुणाला ओढून आतही आणलं नाही. पुढे मनोरमा परदेशात शिकून आली आणि आईच्या सेवेत सहभागी झाली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत, त्यांनी हे लक्षात घ्या. मुलाला प्रार्थना शिकवणं, वचन वाचून दाखवणं, चूक तिथे थांबवणं ही आपली जबाबदारी आहे. नीतिसूत्रे २२:६ तेच सांगतं. पण त्याच्या वतीने विश्वास आपण ठेवू शकत नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी उसापर्यंत पोचवणं शेतकऱ्याच्या हातात असतं, वाढ देव देतो (१ करिंथ ३:६-७).

आणि जे अजून मुलगा-मुलगीच्या भूमिकेत आहेत?

गाव सोडून पुण्यात नोकरीला आलात. इथे चर्चला गेलात की नाही, हे बघायला आई नाही. लग्न कुणाशी, नोकरी बदलायची का, गावी परत जायचं का, हे निर्णय आता तुमच्यावर आहेत. अशा वेळी आपल्याला वाटतं, देवाने सरळ मेसेज करून सांगावं. स्तोत्र ३२ मध्ये देव वाट दाखवण्याचं आणि आपल्यावर नजर ठेवण्याचं वचन देतो. पण लगेच पुढे बजावतो की घोड्या-खेचरासारखे होऊ नका, ज्यांना लगाम लावावा लागतो. देवाला आपल्याला ओढत न्यायचं नाही. त्याची नजर ओळखण्याइतकं आपण त्याच्या जवळ राहावं, ही त्याची इच्छा आहे.

म्हणून या आठवड्यात:

१. जो निर्णय अडलाय, तो रोज दहा मिनिटं वचनासमोर ठेवा.

२. आईवडिलांचं म्हणणं मध्ये न बोलता पूर्ण ऐका. मग निर्णय घ्या आणि त्याची जबाबदारीही घ्या.

३. घरातलं कुणी देवापासून दूर गेलं असेल, तर आज त्याला फोन करा. उपदेश नको, जेवलास का, एवढं विचारलं तरी चालेल.

प्रार्थना: हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला निवड करू देतोस आणि आमची वाटही पाहतोस, म्हणून तुझे आभार. आमच्या मुलांना तुझ्या हाती सोपवायला आम्हाला धैर्य दे. जे दूर गेले आहेत, त्यांना घरची वाट दिसू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.