चित्रपटांतील अंतराळ-पोशाख कितपत खरे?

हल्लीं अंतराळप्रवासावरील चित्रपट मुलें मोठ्या आवडीनें पाहतात, आणि मग वर्गांत प्रश्नांची झोड उठते. पोशाख फाटला तर माणूस फुटतो काय? शिरस्त्राणाच्या आंत दिवे कां लावलेले असतात? नायिका आपला पोशाख इतक्या चटकन् कसा उतरविते? हे प्रश्न पोरकट नाहींत. त्यांचीं उत्तरें देतां देतां पदार्थविज्ञानाचा एक चांगला धडा होऊन जातो. म्हणून त्यांतील कांहींचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. पालकांसहि तो अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

आरंभींच्या चित्रपटांस असा पोशाख जवळजवळ ठाऊकच नव्हता. १९०२ सालीं फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिएस यानें चंद्रप्रवासाचा चित्रपट काढला; त्यांतील विद्वान् मंडळी लांब कोट घालून व छत्र्या घेऊन चंद्रावर उतरतात. १९२९ सालीं जर्मनींत फ्रिट्झ लांग यानें काढलेल्या चित्रपटास हर्मान ओबर्थ या अग्निबाणशास्त्रज्ञाचा सल्ला होता. तरीहि कथेच्या सोयीसाठीं चंद्रावर श्वासयोग्य हवा आहे असें धरून पात्रें साध्या कपड्यांत हिंडविलीं आहेत. १९५० सालच्या ‘डेस्टिनेशन मून’ या अमेरिकन चित्रपटांत मात्र पोशाखाचा विचार झालेला दिसतो. चार प्रवासी ओळखूं यावे म्हणून प्रत्येकाच्या पोशाखाचा रंग निराळा ठेविला आहे. आणि एक प्रवासी यानापासून दूर वाहवत जातो तेव्हां प्राणवायूच्या नळकांड्यांतील वायु मागें सोडून दुसरा त्याच्यापर्यंत पोहोंचतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचें याहून रंजक उदाहरण पाठ्यपुस्तकांत क्वचितच सांपडेल!

आतां माणूस फुटण्याची गोष्ट. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. अंतराळांत तो नाहीं. दाब कमी झाला म्हणजे पाणी कमी उष्णतेवर उकळतें. निर्वात प्रदेशांत तें शरीराच्या उष्णतेवरहि उकळूं लागतें. एवढ्यावरून ‘आउटलँड’ (१९८१) या चित्रपटांत माणसें फुग्यासारखीं फुटलेलीं दाखविलीं, तर ‘टोटल रिकॉल’ (१९९०) मध्यें मंगळावर डोळे खोबणींतून बाहेर आणले. ही निव्वळ अतिशयोक्ति होय. १९६६ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन येथें निर्वात खोलींत पोशाखाची परीक्षा चालू असतां एका कर्मचाऱ्याची हवेची नळी निसटली. सुमारें १४ सेकंदांत तो बेशुद्ध पडला. जिभेवरील लाळेला बुडबुडे फुटूं लागल्याचें तेवढें त्यास शेवटचें आठवत होतें. खोलींत तांतडीनें हवा सोडण्यांत आली आणि तो वांचला. त्वचा ही चांगली भक्कम पिशवी आहे. म्हणून ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ (१९६८) मध्यें नायक शिरस्त्राणावांचून कांहीं क्षण निर्वातांत राहून यानांत शिरतो तो प्रसंग बराचसा शक्य कोटींतील आहे. फक्त तो आधीं श्वास रोखून धरतो असें दिसतें, तें घातक आहे. कोंडलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसें फाटतील. श्वास सोडून द्यावयास हवा.

परंतु आमच्या मतें चित्रपटांची खरी चूक येथें नाहीं. चित्रपटांतला वीर या पोशाखांत धांवतो, उड्या मारतो, मुष्टियुद्धहि करतो. जणूं तो जाड कापडाचा डगलाच आहे. वास्तविक हा पोशाख म्हणजे हवेनें भरलेला फुगा असतो. सायकलच्या नळींत भरपूर हवा भरून ती वांकवून पाहा, म्हणजे आंतल्या माणसाचे हाल ध्यानांत येतील. १८ मार्च १९६५ रोजीं रशियन अंतराळवीर अलेक्सेइ लिओनोव हा यानाबाहेर तरंगणारा पहिला मनुष्य ठरला. सुमारें १२ मिनिटें तो बाहेर होता. तेवढ्यांत पोशाख इतका फुगून ताठ झाला कीं हाताचीं बोटें मोज्यांतून व पाय बुटांतून सुटूं लागले, आणि परत आंत शिरतां येईना. अखेर जिवावर उदार होऊन त्यानें झडप उघडून पोशाखांतील दाब कमी केला, तेव्हां कोठें तो आंत गेला.

यावर उपाय म्हणजे मुळांतच दाब कमी ठेवणें. हवेंत प्राणवायु सुमारें एकपंचमांशच असतो. म्हणून शुद्ध प्राणवायु दिला तर थोड्या दाबावरहि भागतें. चंद्रावर गेलेल्या अपोलो-वीरांच्या पोशाखांत दर चौरस इंचास ३.७ पौंडच दाब होता. पण येथेंहि एक मेख आहे. सोडावॉटरची बाटली उघडतांच बुडबुडे येतात, तद्वत् दाब एकदम उतरल्यास रक्तांत विरघळलेला नत्रवायु बुडबुडे धरतो. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकांतून बाहेर पडण्यापूर्वीं बराच वेळ शुद्ध प्राणवायु हुंगत बसावें लागतें. चित्रपटांतील वीर शिरस्त्राण डोक्यावर आदळून दाराकडे धांवतो, त्यास एवढा धीर कोठला?

‘ग्रॅव्हिटी’ (२०१३) हा चित्रपट आम्हांस पुष्कळ अंशीं आवडला. तथापि त्यांतील नायिका पोशाख उतरविते तेव्हां आंत केवळ आंखूड उन्हाळी कपडे दिसतात. निर्वात प्रदेश म्हणजे थर्मासची बाटली: अंगची उष्णता हवेंत निघून जाण्यास वाटच नाहीं. यासाठीं अंगालगत एक घट्ट वस्त्र घालतात व त्यांत विणलेल्या सुमारें ३०० फूट बारीक नळ्यांतून थंड पाणी खेळवितात. शिवाय लंगोटहि असतो; तो दिग्दर्शकानें वगळला याबद्दल मात्र आम्ही त्यास दोष देत नाहीं.

शिरस्त्राणांतील दिव्यांचेंहि तसेंच. रात्रीं खोलींत दिवा लावून खिडकीच्या कांचेंतून बाहेर पाहा; आपलेंच तोंड दिसेल. खरा अंतराळवीर असा दिवा कधीं लावणार नाहीं. उलट उन्हापासून रक्षण व्हावें म्हणून त्याच्या कांचेवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. पण नटाचा चेहराच दिसला नाहीं तर अभिनय कशाचा पाहावयाचा? ही चूक क्षम्य होय.

शिवणकाम हलकें समजणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगतों. अपोलोचे पोशाख स्त्रियांचीं अंतर्वस्त्रें करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनें तयार केले, आणि त्यांचे एकावर एक अनेक थर शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनीं यंत्रावर बसून शिवले. एखादा टांका चुकला तर चंद्रावर प्राणाशीं गांठ होती. हें दृश्य पडद्यावर फारसें येत नाहीं.

तसाच एक खरा प्रसंग १६ जुलै २०१३ रोजीं घडला. इटलीचा लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करीत असतां त्याच्या शिरस्त्राणांत पाणी सांचूं लागलें. तेथें पाण्यास वजन जाणवत नाहीं. तें खालीं न पडतां तोंडाला चिकटून राहतें. एक लिटरहून अधिक पाणी सांचलें, डोळे व नाक झांकून गेलें, आणि तो आपल्या दोराच्या आधारानें चांचपडत दरवाजापर्यंत परत आला. पुढें त्या पोशाखांच्या शिरस्त्राणांत पाणी शोषून घेणारी एक लहानशी गादी आणि तोंडानें श्वास घेण्याची एक साधी नळी बसविण्यांत आली.