आधी कान, मग पेचकस

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज मिळाला. ‘मामा, सगळे कपॅसिटर बदलून टाकू का?’ असं विचारतोस, पण आवाज कसला येतोय ते लिहिलंच नाहीस. रोलँड ज्युनो-१०६ हा १९८४ सालचा सिंथसायझर, अगदी निःशब्द तो असणार नाही. मात्र हम, हिस आणि खरखर या तीन निराळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींचे उपाय निराळे.

आधी मागच्या सगळ्या वायरी काढ, मिडीची आणि लॅपटॉपकडे जाणारीसुद्धा. नुसता हेडफोन लाव. हम गेला, तर दोष सिंथमध्ये नाही, जोडणीत आहे. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, सिंथ दुसऱ्या, आणि दोघांच्या अर्थिंगमधला फरक तुझ्या ऑडिओ केबलच्या शील्डवरून वाहतोय. सगळं एकाच बोर्डावर घे. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघ. तरी राहिला तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये घाल. अर्थची पिन काढली की हम जातो असं तुला कुणीतरी सांगेलच. जातो, खरं आहे. पण आत २३० व्होल्ट सुटले तर ते धातूच्या पॅनेलवर येतील आणि तुझी बोटं तिथेच असतील. तो उद्योग करायचा नाही.

हेडफोनमध्येही हम असेल तर त्याचा सूर ओळख. आपल्या मेन्सचा ५० हर्ट्झ आणि रेक्टिफायरनंतर उरलेला रिपल १०० हर्ट्झ, दोन्ही जवळपास पांढरी पाच, फक्त एका सप्तकाच्या अंतरावर. वरची पांढरी पाच ठळक असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर थकलेत. तेवढे बदलून घे, आणि तेही जाणत्या माणसाकडून. खालची असेल तर आसपास बघ. तुझा पीस जपानी, १०० व्होल्टचा असेल तर त्याचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर नक्कीच सिंथच्या शेजारी ठेवला असशील. तो लांब सरकव. आणि कर्कश किर्रर्र असेल तर आधी पंखा बंद कर; इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर अशी करामत हमखास करतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग तर करूच नकोस.

आता हिस. तुझी मूळ तक्रार हीच असावी असा माझा अंदाज आहे. कोरसचं बटण बंद कर. गेली ना? ज्युनोच्या कोरसमध्ये एमएन३००९ नावाच्या दोन चिप आहेत. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या पुढे देतात, तसा सिग्नल तिथे २५६ टप्प्यांतून ढकलला जातो आणि वाटेत थोडी फुसफुस गोळा करतो. हा कोरस व्हीसीएच्या, म्हणजे सुराचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या, नंतर बसवलाय. म्हणून पट्टी सोडली, सूर संपला, तरी हिस चालूच राहते. चिप बिघडलेली नाही, ती अशीच आहे.

मग करायचं काय? पॅचमधला व्हीसीए लेव्हलचा स्लायडर बघ. बऱ्याच पॅचमध्ये तो खाली असतो. मग कोरसला मिळणारा आवाजच बारीक, फुसफुस मात्र तेवढीच, आणि पुढे गेन वाढवला की दोन्ही एकत्र वाढतात. आवाज फाटणार नाही इतका तो वर ने आणि पॅच पुन्हा सेव्ह कर. मागचा आउटपुट स्विच ‘एच’वर ठेव, आणि मध्ये डीआय बॉक्स नसेल तर ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्येच जा, माइकच्या नको. एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो, आणि खर्च शून्य. नॉइज गेट लावलास तर सुराची शेपटी कापली जाईल. मला तो अजिबात आवडत नाही. कोरसशिवाय रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरचा कोरस चढवता येतो, पण मग एवढे पैसे घालून ज्युनो कशाला घेतलास?

खरखर मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ज्युनोच्या सहा आवाजांपैकी (व्हॉइस) एखादाच तडतडत असेल, तर त्याची ८००१७ए चिप गेली म्हणून समज. तिच्यावरचं रेझिनचं आवरण वयानं खराब होतं. ‘की ट्रान्सपोज’ दाबून धरून सिंथ चालू केलास की टेस्ट मोड येतो आणि वाजणाऱ्या आवाजाचा नंबर दिसतो. तो टिपून ठेव.

मला तीन क्लिप पाठव: कोरस बंद, कोरस एक, कोरस दोन. पट्टीला हात न लावता, दहा-दहा सेकंद, वेव्ह फाइल. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट नको.

तुझा,
मामा