दहा उस्मानाबादी शेळ्या : खर्च किती, उरते किती?

मटणासाठी शेळ्या पाळायच्या म्हटले की बोअर आणि बीटलची चौकशी आधी होते. मराठवाड्याच्या उन्हात, कडब्या-भुसकटावर आणि बांधावरच्या पाल्यावर तग धरणारी उस्मानाबादी मात्र आपल्या दाराशीच आहे. बहुतेक काळीभोर, मध्यम अंगाची आणि जुळी देणारी ही जात धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या सांभाळली गेली. ती पाळावीच, पण पैसे घालण्याआधी हिशेब कागदावर मांडून. खाली १० शेळ्या आणि १ बोकड असा गट धरला आहे. भाव हिशेबापुरते आहेत. तिथे आपल्या तालुक्याचे भाव घाला.

सुरुवातीचा खर्च

• १० शेळ्या, प्रत्येकी ३० किलो, किलोला ४०० रुपये : १,२०,००० रुपये
• पैदाशीचा बोकड : १८,००० रुपये
• २५० चौरस फूट साधा गोठा, फुटाला २०० रुपये : ५०,००० रुपये
• मोकळ्या आवाराला जाळी : २०,००० रुपये
• कडबाकुट्टी, गव्हाणी, भांडी : २२,००० रुपये
• एकूण : २,३०,००० रुपये

शेळी दुसऱ्या वेताची, दोन ते चार दाती घ्या. तोंड उघडून दात पाहा, कास हाताने दाबून गाठ नाही ना याची खात्री करा, दोन्ही सड सुरू आहेत का ते बघा आणि तिला दहा पावले चालवा. बोकड दुसऱ्या कळपातला आणि शक्यतो जुळ्यातला असावा. घरच्याच कळपात वाढलेला बोकड ठेवला, तर पुढची पिढी खुरटी निघते.

गोठ्यावर हात आखडा. मोठ्या शेळीला १० चौरस फूट आणि बोकडाला २० चौरस फूट छताखाली पुरतात. त्याच्या दुप्पट जागा मोकळी हवी. जमीन कोरडी आणि हवा खेळती, एवढे जमले की झाले.

वर्षाचा खर्च

• भरडा-पेंड : मोठ्या जनावराला रोज २५० ग्रॅम, विक्रीच्या करडांना रोज १५० ग्रॅम. मिळून साधारण दीड टन, किलोला ३० रुपये : ४६,००० रुपये
• कडबा आणि तूर-हरभऱ्याचे भुसकट : २७,००० रुपये
• १० गुंठे हिरवा चारा, बांधावर शेवरी-सुबाभूळ : १०,००० रुपये
• लस, जंताचे औषध, डॉक्टर : ९,००० रुपये
• विमा : ७,००० रुपये
• एकूण : ९९,००० रुपये

यात घरच्या माणसांची मजुरी आणि कर्जाचे व्याज धरलेले नाही. हिरवा चाराही विकत घ्यायची वेळ आली, तर हे गणित बसतच नाही. म्हणून आधी चारा लावा, तो कापणीला आला की शेळ्या आणा.

उत्पन्न

शेळी सुमारे १५० दिवस गाभण राहते. नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते देते. म्हणजे १० शेळ्यांची वर्षाला १५ वेते. काही जुळी, काही एकेकटी धरून २२ करडे होतील. मरतूक वजा जाता १८ हाती लागतील असे धरू. त्यातल्या ३ पाटी कळपासाठी ठेवा आणि १५ विका. २० किलो वजन आणि किलोला ४०० रुपये भाव धरला, तर १,२०,००० रुपये येतात.

खर्च वजा जाता उरतात २१,००० रुपये. वर तीन पाटी आणि लेंडीखत. विक्रीच्या ३०० किलोंवर खर्च वाटला, तर किलोमागे ३३० रुपये पडतात. आणखी तीनच करडे दगावली, तर २४,००० रुपये जातात, म्हणजे सगळा नफा गेला. म्हणूनच ९,००० रुपयांच्या औषधपाण्यात काटकसर करू नका. पीपीआर आणि पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस चुकवू नका. लाळ्या-खुरकूत आणि इतर लसींचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या.

शेळी रिकामी घेतली, तर पहिली विक्री व्हायला सव्वा वर्ष लागू शकते. त्यामुळे भांडवल आणि वर्षाचा खर्च मिळून सव्वातीन लाखांची तयारी हवी.

मटणाची प्रत

जून बोकडाचे मटण चिवट होते आणि न खच्ची केलेल्या बोकडाला उग्र वास येतो. मटणासाठी ठेवलेले नर दोन-तीन महिन्यांचे असताना डॉक्टरांकडून खच्ची करून घ्या आणि वर्षाच्या आत विका. बकरी ईदला मात्र वर्ष पूर्ण झालेला, व्यंग नसलेला बोकड लागतो आणि अखंड नराला मागणी जास्त असते. कोणता नर कुठल्या बाजारासाठी, हे त्यामुळे तिसऱ्या महिन्यापर्यंत ठरवावे लागते. औषध दिल्यानंतर मांस किती दिवस खाऊ नये, हे डॉक्टरांना विचारा आणि तेवढे दिवस जनावर विकू नका.

विक्री

आठवडी बाजारात अजूनही कंबर चाचपून, पाठीवर बोटे दाबून वजनाचा अंदाज बांधतात आणि उक्ता सौदा करतात. व्यापारी रोज शेकडो बोकड हाताळतो. आपण वर्षाला पंधरा विकतो, त्यामुळे अंदाजात आपण कमी पडणारच. बोकडामागे २ किलो कमी धरले गेले, तर पंधरांमागे १२,००० रुपये गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त नफा. एक लटकता काटा घ्या, दर महिन्याला वजन करून वहीत लिहा आणि किलोवरच भाव बोला.

सरकारी मदत

राज्याच्या २०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी किंवा संगमनेरी १० शेळ्या आणि १ बोकड यांचा गट विम्यासह १,०३,५४५ रुपयांचा धरला होता. त्यावर सर्वसाधारण गटाला ५० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान ठरले. १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या प्रकल्पाला राष्ट्रीय पशुधन अभियानातून खर्चाच्या निम्मे, कमाल १० लाख रुपये मिळू शकतात. चालू नियम पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात पाहून घ्या. अनुदानाच्या भरवशावर कर्ज मात्र काढू नका.

दहा शेळ्यांवर घर चालत नाही. चारा घरचा, लस वेळेवर आणि विक्री काट्यावर असेल, तर हा भरवशाचा जोडधंदा आहे. यातले एक जरी जमणार नसेल, तर दहाऐवजी तीन शेळ्यांपासून सुरुवात करा.