छर्रा नळीत असतानाच

कळमनुरी,
दिवाळीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे नेमाचे तीन कागद मिळाले. कागद आधी पाहिले, पत्र मागाहून वाचलं. ही दुकानातली सवय. फवारणीचा पंप घेऊन माणूस आला की तो पंपाचा इतिहास सांगायला लागतो, आणि तोवर मी दांडा दोनदा दाबून बघितलेला असतो. माणूस त्याला वाटतं ते सांगतो. पंप झालेलं सांगतो.

तू विचारलंस, 'रायफलच भंगार आहे, विकून टाकू का?' आत्ताच नको. आणि दादा म्हणतो तशी दुर्बीणही लगेच बसवायची नाही. आधी कागद वाचू.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगतो, तुझ्या आईलाही ठाऊक नसेल. मी आठवीत असताना हिंगोलीच्या दसऱ्याला गेलो होतो. रामलीला मैदानावर फुगे फोडायचा एक स्टॉल होता. माझे खिशातले सगळे पैसे तिथे गेले आणि फुगा फुटला एकच, तोही शेजारच्या रांगेतला. आम्ही पोरं म्हणायचो, हे लोक मुद्दाम नळी वाकवून ठेवतात. तेवढ्यात साध्या कपड्यातला एक माणूस आला. केस बारीक कापलेले, चालणं ताठ. एसआरपीचा जवान असावा, त्यांचा बारा नंबरचा गट हिंगोलीतच आहे. त्यानं पहिले तीन छर्रे फुग्यांवर मारलेच नाहीत. फळीवर खडूची एक खूण होती, तिच्यावर मारले. तिन्ही छर्रे खुणेच्या डावीकडे, वीतभर खाली, पण एकमेकांना चिकटून लागले. मग त्यानं प्रत्येक फुग्याच्या उजवीकडे, वीतभर वर नेम धरला आणि पाचाला पाच फोडले. स्टॉलवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पुढे अशा स्टॉलच्या बंदुका माझ्याच दुकानात दुरुस्तीला येऊ लागल्या. मुद्दाम वाकवलेली नळी मला तरी एकही सापडली नाही. सापडले ते ढिले स्क्रू, चिरलेली वायसरं, वर्षानुवर्षं साफ न केलेल्या नळ्या.

त्या जवानानं काय केलं ते ध्यानात घे. छर्रे एका जागी पडत असतील, मग ती जागा चुकीची का असेना, तर बंदूक ठीक आहे. साइटचा स्क्रू फिरवला की काम झालं. छर्रे विखुरले तर साइट कितीही फिरव, उपयोग नाही. तू आठवडाभर साइटच फिरवत बसली आहेस. दहा मीटरवर साधी स्प्रिंगची रायफल पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकतील असे टाकते. तुझे तळहाताएवढ्या जागेत पडलेत. म्हणजे साइटचा प्रश्नच नाही, तिला हात लावू नकोस.

आता तुझा पहिला कागद. त्याच्यावर छर्रे सगळीकडे नाहीत, दोन घोळके आहेत: चार वर, तीन खाली उजवीकडे. असे दोन घोळके दिसले की कुठलातरी भाग दोन जागांवर बसतोय असं समजायचं. कधी इथे, कधी तिथे. तुझी रायफल नळी मोडून भरायची, म्हणजे पहिला संशय नळीच्या बिजागरीच्या बोल्टवर. रायफल रिकामी, स्प्रिंग ओढलेली नाही, नळी बंद. अशा वेळी नळीचं तोंड धरून डावीउजवीकडे हलवून बघ. दाराच्या कडीसारखं जरासं जरी 'टक' वाजलं तरी बोल्ट ढिला आहे. मागची साइट दस्त्याकडच्या भागावर आणि पुढची नळीवर असली, तर नळी हलली की दोघींची ओळ मोडते. मग नेम बरोबर असून छर्रा चुकतो.

त्याच वेळी दस्त्याचे स्क्रू बघ. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक, ट्रिगरच्या कमानीत एक-दोन. या बंदुकीत प्रत्येक बाराला असा हादरा बसतो की स्क्रू आपोआप मागे फिरतात. मनगटानं आवळ, खांद्यानं नको, लाकूड चिरतं. आवळून झालं की डोक्यावर आईच्या नेलपॉलिशचा एक थेंब सोड. सारखे ढिले होत नाहीत, आणि झाले तर तुटलेली नेलपॉलिश लगेच दिसते. तुझ्या पत्रातल्या निम्म्या तक्रारी इथेच संपतील असं माझं मत आहे.

दुसऱ्या कागदावर घोळका एकच आहे, पण सगळा वर चढलेला. हा तू हळदीच्या पोत्यावर रायफल टेकवून मारलास ना? वसमतच्या घरात पोत्याला काय तोटा! पण सुक्या हळकुंडांचं पोतं म्हणजे दगडच. या बंदुकीला कठीण टेकू चालत नाही, आणि का चालत नाही हे कळल्याशिवाय तुझा हात सुधारायचा नाही. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

ट्रिगर दाबला की छर्रा लगेच सुटतो असं तुला वाटतं. तसं होत नाही. आधी पिस्टन सुटतो. एवढी ताकदीची स्प्रिंग त्याला पुढे फेकते, तेव्हा बंदूक मागे सरकते. पिस्टन पुढे जाऊन हवा दाबतो आणि शेवटी त्याच दाबलेल्या हवेवर आपटून थबकतो, तेव्हा बंदूक झटक्यानं पुढे जाते. या गडबडीत हवेचा दाब छर्र्याला ढकलतो आणि तो नळीतून निघतो. हे सगळं डोळ्याची पापणी मिटायच्या आत होतं, पण क्रम हाच. छर्रा नळीत असतानाच बंदूक हललेली असते. दारूच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेला, मागे. आपल्या या साध्यासुध्या बंदुकीचा दोन्ही दिशांना. म्हणून हिच्यावर नेम धरणं जास्त अवघड आहे. स्वस्त आहे, म्हणजे सोपी आहे, असं लोक समजतात.

मग करायचं काय? हलू द्यायचं. घट्ट आवळून धरलीस तर दर बाराला तुझी पकड थोडी वेगळी, म्हणून बंदूक दर वेळी वेगळी हलणार. डाव्या हाताचा तळवा उघडा ठेव, त्याच्यावर दस्ता नुसता टेकू दे, बोटं मिटू नकोस. खांद्यालाही अलगद लाव. तळवा कुठे ठेवायचा ते एकदा ठरव, तिथे पेन्सिलीनं खूण कर आणि रोज तिथेच ठेव. पोतं वापरायचंच असेल तर पोत्यावर तुझा हात आणि हातावर बंदूक. बार झाल्यावरही मनात एक-दोन म्हणेपर्यंत डोळा साइटवरून काढायचा नाही. छर्रा कुठे लागला हे बघायची घाई झाली की डोकं उचललं जातं, आणि ते नेमकं छर्रा नळीत असताना.

औंढ्याला जाताना दुधाळ्याच्या बाजूला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे ते तुला माहीत आहे. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि त्यांच्या टोकांचे आरसे लोलकासारखे टांगलेले असतील. जमिनीचा थरथराट आरशापर्यंत पोचू नये म्हणून. हादऱ्यापासून वाचायचं तर वस्तू टांगून ठेवायची, आवळायची नाही, हे लायगोचे शास्त्रज्ञ करतात आणि उघड्या तळव्यावर तुलाही तेच करायचंय. एवढं मोठं उदाहरण दिलं म्हणून हसू नकोस. आपल्या जिल्ह्यात आहे, वापरून घेतलं.

या हादऱ्यानं मोठमोठे लोकही त्रासले होते बरं का. जर्मनीच्या फाइनवेर्कबाउ कंपनीनं १९६० च्या दशकात स्पर्धेसाठी अशी स्प्रिंगची रायफल काढली की बार होताना सगळी यंत्रणा दस्त्यातल्या रुळांवर मागे सरकते आणि धक्का खांद्याला कळत नाही. १९८४ साली लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली. आता त्या स्पर्धेत स्प्रिंग दिसत नाही, नळकांड्यात आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफली असतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात विश्वविजेता झाला. तिथे दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा. उद्या तू पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जाशील तेव्हा तसली रायफल हातात येईल आणि ती तुला फार गरीब वाटेल, कारण ती हलणारच नाही. स्प्रिंगवर शिकलेल्या पोरीला हा फायदा असतो.

आता तिसरा कागद. हा दादानं तेल सोडल्यानंतरचा, बरोबर? शिवणयंत्राचं तेल छिद्रातून आत सोडलं, मग फटाक्यासारखा आवाज आला, नळीतून धूर निघाला आणि 'बंदुकीची ताकद वाढली' म्हणून सगळे खूश! ती ताकद नव्हे, मुक्ता. पिस्टन हवा इतक्या झटक्यानं दाबतो की ती तापते आणि तेल पेट घेतं; डिझेल इंजिनात होतं तेच. एका बाराला जास्त तेल जळतं, दुसऱ्याला कमी, त्यामुळे प्रत्येक छर्र्याचा वेग निराळा, आणि कागदावर छर्रे उभ्या रेषेत पसरतात, तुझे पसरलेत तसे. शिवाय वायसर आणि स्प्रिंग दोन्ही खराब होतात. दादाला सांग, मामानं तेलाची बाटली जप्त केली आहे. वायसर चामड्याचं असेल तर त्याला कधीतरी सिलिकॉन तेलाचा एक थेंब लागतो, स्टोव्हच्या पंपातली चामड्याची वाटी आजी तेलात भिजवायची तसा. प्लास्टिकच्या जातीचं असेल तर तोही नको. आत आहे ते तेल जळून जाऊ दे. शंभरेक छर्रे कागदाशिवाय, नुसते पेटीत मार, धूर थांबेल.

छर्रे कुठले वापरतेस ते तू लिहिलंच नाहीस, आणि मला खरी उत्सुकता त्याचीच होती. खिशात सुटे ठेवतेस का? ते शिशाचे असतात, मऊ. एकमेकांवर आपटून त्यांच्या मागच्या घेराला पोचे पडतात आणि हवा एका बाजूनं निसटते. काचेवर एकेक लोळवून बघ, वाकडा लगेच कळतो. तीन-चार प्रकारच्या डब्या आण. महागाच्याच आण असं नाही. प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो आणि तो कुठला हे नळीच सांगते. प्रत्येकाचे दहा-दहा मार, कागद वेगळा, मागे डबीचं नाव लिही. कागदावर तारीखही घालत जा, तिन्ही कागद कोरे पाठवलेस, मला पत्रावरून जुळवावे लागले.

नळीच्या मागच्या तोंडाशी रबराची कडी असते. ती चपटी झाली की सांध्यातून हवा गळते. टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर ठेवून, डोळ्यांना चष्मा लावून, छर्रा भरून एक बार मार. पट्टी थरथरली तर काही नाही. फुंकर मारल्यासारखी उडाली तर कडी बदलायची. छर्रा न भरता बार कधीच करायचा नाही. पुढे हवेची गादी नसते, पिस्टन लोखंडावर आदळतो. नळी साफ करायची ती मागून पुढे, दोरीला चिंधी बांधून. साफ केल्यावर पहिले पंधरा-वीस छर्रे इकडेतिकडे जातील, त्यांच्यावरून मत बनवू नकोस. नळीच्या पुढच्या तोंडावरून कान साफ करायची कापसाची काडी फिरव, कापूस कुठे अडकला तर तिथे ओरखडा आहे. तो माझ्याकडे आण, कानस लावू नकोस.

दुर्बीण नको म्हणालो त्याचं कारण आता तुझं तुला कळलं असेल. दोन्हीकडून बसणाऱ्या हादऱ्यानं साध्या दुर्बिणीच्या आतली तार निखळते, नाहीतर तिचा माउंट मागे सरकत जातो आणि तू पुन्हा साइट फिरवत बसतेस.

हे सगळं एकाच रविवारी करू नकोस. आज स्क्रू आणि बोल्ट, मग दहा छर्रे. पुढच्या वेळी तळवा, मग दहा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशानं फरक पडला ते तुलाही कळणार नाही आणि मलाही. मधे एखादा कागद काकाला मारायला सांग. त्याचे छर्रेही तसेच विखुरले तर दोष बंदुकीचा. त्याचे जुळले तर आपण गप्प बसायचं आणि तळव्यावर काम करायचं.

स्प्रिंग मात्र घरी उघडायची नाही. आत ती दाबूनच बसवलेली असते, शेवटची खीळ काढली की तोंडावर येते. माझ्याकडे त्यासाठी शिकंजा आहे. आणि नळी मोडलेली असताना एक हात नळीवरच हवा, बोटं सांध्यापासून लांब. कागदामागे जुन्या कपड्यांनी गच्च भरलेली पेटी ठेव, नुसता पत्रा नको, छर्रा उलटा येतो. शिशाला हात लागले की जेवणाआधी साबणानं धुवायचे. पाखरांवर नेम धरायचा नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तो नसता तरी मामा आहे.

संक्रांतीला येशीलच. येताना रायफल रिकामी, पिशवीत बांधून आण, एसटीत खांद्यावर मिरवू नकोस. बिजागरी आणि स्प्रिंग इथे दोघं मिळून उघडू. वायसर चामड्याचं निघालं तर तुलाच नवं कापायला लावणार आहे. चांगलं कातडं शोधून ठेवतो. तोवर पुढचे कागद पाठव, मागे लिहून.

आईला आशीर्वाद, आजीला साष्टांग नमस्कार. मामी विचारते, यंदाची हळद दळून झाली का?

तुझा,
मामा